अंगणात मिटवून या

सुमे, तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही आणि मला तुझा राग येतो आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चार शब्द गोड बोलले तर तू हुरळून जायला नकोस.

भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल जे बोलतात ते ऐकून मला प्रश्न पडतो की आपण एकाच बाईबद्दल बोलतो आहोत ना. सुमनबाई फार शांत होती म्हणे. कुणाला कधी उलटून बोलली नाही म्हणे. मी मान हलवते, चहाचा कप पुढे करते आणि मनात म्हणते, हो, म्हणूनच शेजारच्या मार्थाबाईच्या शेळ्यांमागे खराटा घेऊन कालव्यापर्यंत पळायची. माणूस गेलं की लोक त्याला इस्त्री मारून घडी घालून ठेवतात. मला तू चुरगळलेलीच आठवतेस. पदराला हळद, पायाला हळद, नखांत हळद आणि तोंडाचा पट्टा चालू.

आपण दोघी एका आईच्या. एकाच घरात त्रिसरण-पंचशील म्हणत वाढलो. मी त्यातच राहिले. तू दाविदरावांशी लग्न केलंस आणि औंढ्याच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात, त्या पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलास. बापाचं मन, दादा वर्ष-दोन वर्षं गप्प गप्प होते. मग एकदा पिशवीत पेरू घेऊन तुझ्या दारात जाऊन बसले, नातवाला मांडीवर घेतलं आणि घरातला तो विषय तिथेच संपला. आपल्या दोघींत मात्र संपला नाही, कारण विषय संपवायची सवय आपल्या दोघींनाही नव्हती.

मी कंडक्टर. वसमत-औंढा गाडीवर माझी ड्युटी असली की तू फाट्यावर दोन गाड्या सोडून माझ्या गाडीची वाट पाहत थांबायचीस. वर चढलीस की माझ्या सीटला लागून बसायचीस आणि मी तिकिटं फाडून जागेवर आले रे आले की आपलं सुरू व्हायचं. नागनाथाला निघालेली माणसं, बाजारच्या बाया, कॉलेजची पोरं, सगळी गाडी ऐकायची. मी मुद्दामच विचारायचे, ऐकणारे असले की जास्तच.

"तुमच्यात काय सांगितलंय म्हणालीस?"

"प्रभूची आज्ञा हाय, एकमेकांवर माया करा. तेवढ्यावरून लोकं वळखतेन का हे माझे हायेत म्हणून."

"एकमेकांवर म्हंजी कोणावर? आपापल्यावरच ना? आमच्यात बघ, मैत्री समद्या जिवांवर. मुंगी बी सोडली न्हाई."

"मुंगीवर माया करायला काय लागतं अक्का? मुंगी काय आपल्या हळदीवर शेळ्या घालून राहिली का?"

गाडी हसायची आणि मी चिडायचे. मला खरंच चीड यायची, कारण तू हसण्यावारी नेत होतीस आणि माझा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. सगळ्यांवर प्रेम करणारे खूप असतात, जवळच्याशी नीट वागणारा दाखव, असं तू म्हणायचीस, ते मला पटायचंही. पण जवळचं कोण, हे कोण ठरवणार? तुझ्या चर्चमधली सतरंजीवर बसणारी ती मूठभर माणसं तुझी एकमेकं झाली. मग ज्या बहिणीच्या ताटात तू जेवलीस, जिच्या पाठीला पाठ लावून झोपलीस, ती कुठे गेली? एकदा गाडी जरा रिकामी होती तेव्हा मी सरळच विचारलं, "सुमे, तुझ्या त्या एकमेकांत मी बसते का?" तू खिडकीबाहेर पाहिलंस आणि म्हणालीस, "उतरायचं आलं माझं." फाटा अजून बराच लांब होता. तरी तू पिशव्या उचलल्यास आणि दाराशी जाऊन उभी राहिलीस.

त्या प्रश्नाचं उत्तर न देता तू गेलीस. माझा राग आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

याच गाडीवर मी नवी नवी लागले तेव्हाचं आठवतं का? बाई कंडक्टर म्हणून लोक खिडकीतून माना काढून पाहायचे. मागच्या बाकावरून शिट्ट्या यायच्या. पहिल्याच आठवड्यात मी दादांना म्हटलं की मला हे जमणार नाही. तुला हे कुणी सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी तू फाट्यावर उभी. कुठं निघालीस म्हटलं, तर म्हणालीस, वसमतला. वसमत आलं तर उतरली नाहीस, तिकीट काढून परत औंढ्याला. असं तू कितीतरी दिवस केलंस. पुढच्या बाकावर उलटं तोंड करून बसायचीस आणि शिट्टी आली की त्या माणसाकडे डोळे वटारून पाहत राहायचीस, तो खाली उतरेपर्यंत. तुला कुठेच जायचं नसायचं. त्या वेळी तुझ्या त्या आज्ञेतलं मला एक अक्षर माहीत नव्हतं, पण तू माझ्यासाठी जे केलंस त्याला माया म्हणत नसतील तर दुसरं काय म्हणतात ते मला कळत नाही.

आता मार्थाबाईचं. तुमच्या चर्चपुढचं अंगण म्हणजे गावातली सगळ्यात चांगली जागा. सपाट, टणक, दिवसभर ऊन. हळद शिजवून झाली की वाळत घालायला ते अंगण तुला पाहिजे असायचं आणि मार्थाबाईलाही. तुम्ही दोघींनी मधोमध एक रेघ ओढून घेतली होती. माणसांना ती रेघ दिसायची, शेळ्यांना दिसायची नाही. त्या आल्या की तुझ्याच बाजूने हळकुंडं तुडवत जायच्या आणि लेंड्या टाकायच्या. "शेळ्या बी वळखतेत का कोणाच्या हळदीवर जायचं," तू म्हणायचीस, आणि पलीकडून मार्थाबाई म्हणायची, "शेळ्याला काय म्हाईत तुजी हळद कोणती? तेवढी शाळा शिकल्या न्हाईत त्या." हळदीचा हंगाम आणि ईस्टर दरवर्षी आगेमागेच यायचे. त्यामुळे सण जवळ आला की तुमचं भांडण हमखास रंगात आलेलं असायचं.

आणि म्हणूनच मला तुमच्या चर्चची ती पद्धत कळली. इतर चर्चमध्ये ती असते की नाही, मला माहीत नाही. ईस्टरला तू मला जेवायला बोलवायचीस आणि मी उपासनेच्या वेळेलाच येऊन मागे बसायचे. सगळ्यांनी एका भाकरीतला तुकडा घ्यायच्या प्रभुभोजनाची वेळ आली की चर्चचे पाळकसाहेब भाकर पांढऱ्या फडक्याने झाकून ठेवायचे आणि सगळ्यांकडे पाहून म्हणायचे, "कोणाचं कोणाशी काही असंल तर अंगणात जा, मिटवून या. आमी थांबतो." मग ज्यांचं काही असेल ते उठून बाहेर जायचे आणि आतले लोक गाणं म्हणत राहायचे. दाविदराव ढोलकीवर, पाळकबाई पेटीवर. बाहेरचे परत आत येऊन सतरंजीवर बसेपर्यंत भाकर मोडायची नाही. तसं जुन्या पाळकांनी लावून दिलं होतं आणि पुढच्यांनी ते चालू ठेवलं.

तू आणि मार्थाबाई दरवर्षी जायच्यात. लोक तुमची वाट सोडूनच बसायचे. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला मौज वाटली आणि थोड्या वेळाने घाई वाटायला लागली. परतीची गाडी चुकणार होती. गाणं लांबत चाललं होतं, म्हाताऱ्यांचे आवाज बसत चालले होते आणि तुम्हा दोघींचा पत्ता नाही. शेवटी मी उठले. आयुष्यभर गाडीत माणसं आत सरकवण्याचं काम केलेलं, ते हात कुठे जाणार? बाहेर आले, दोघींच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "झालं ना? चला आत, सरका." तुम्हाला आणून सतरंजीवर बसवलं आणि जग जिंकल्यासारखी मागे जाऊन बसले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. तुझ्यापर्यंत आली तेव्हा तू मान हलवून नाही म्हणालीस. मार्थाबाईनेही नाही म्हटलं.

जेवताना तू मला चांगलंच झाडलंस. "अक्का, ते तिकीट न्हाई, का घेतलं अन् बसलं. आमचं अर्ध्यात व्हतं. तू काहून वढून आणलं?"

"शेळ्यांचं भांडण ते. त्याला किती वेळ लागतो?"

"लागतो," तू म्हणालीस, आणि माझ्या ताटात तावातावाने भात वाढलास, मी नको म्हणत असताना.

तशी तू मला आवडायचीस सुमे. ताटात भात आदळणारी.

मग आई गेली त्या वर्षी आपलं बिनसलं. दवाखान्यात आईची वाचा गेली होती. डोळे उघडे असायचे, पण ओळखतेय की नाही ते कळायचं नाही. मी डबा घेऊन आले तर तू तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करत होतीस, मोठ्याने, तुमच्या प्रभूचं नाव घेऊन. मी दारातूनच म्हटलं, "सुमे, हात काढ." तू डोळे उघडलेस. मी म्हटलं, आईला बोलता येत नाही म्हणून तू तिच्या वतीने बोलायचं नाहीस. जन्मभर तिने जे म्हटलं तेच तिच्या कानावर पडू दे. तू हात काढलास. मी बुद्धवंदना म्हणायला लागले तर माझ्या शेजारी हात जोडून उभी राहिलीस, शेवटपर्यंत.

मी बरोबर होते. मला आजही तसंच वाटतं. माझं आपल्या रीतीनं करा, असं आईने धडधाकट असताना मला सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर मी वाट पाहत होते की तू भांडशील. तेराव्या दिवशी नाही तर पंधराव्या, कधीतरी तुझा पट्टा सुटेल आणि मग मीही काय ते बोलेन. तू भांडली नाहीस. तू गोड झालीस. गाडीत चढलीस की हसून पुढे जाऊन बसायचीस, म्हणायचीस, अक्का तुला काम असतं. मी तुझ्या गावी आले की शेजारून प्लास्टिकची खुर्ची यायची, धुतलेला टॉवेल यायचा, चहात दूध जास्त यायचं. ईस्टरला चर्चमध्ये माझी खुर्ची दाराजवळ तयार असायची. सगळे खाली सतरंजीवर आणि मी एकटी वर, तालुक्याहून आलेल्या साहेबासारखी. वाद काढावा म्हणून मी एकदा एकमेकांचा विषय पुन्हा काढून पाहिला, तर म्हणालीस, "तू म्हणतीस तेबी बराबरच हाय." तुझ्या तोंडून असलं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू उशाशी बसून होतीस. ओठ घट्ट मिटलेले आणि हातांची बोटं मांडीवर एकमेकांत गुंतवलेली. मी झोपेचं सोंग घेऊन पाहत होते. म्हणायचं असेल तर म्हण की, असं अगदी ओठावर आलं होतं माझ्या. ते तसंच राहून गेलं, आणि मग नर्स सलाईन बदलायला आली.

आणि दरवर्षी ईस्टरला पाळकसाहेब भाकर झाकायचे, मिटवून या म्हणायचे, आणि तू उठायचीस. दरवर्षी मला वाटायचं की आता ही माझ्याकडे येईल. तू माझ्या खुर्चीवरून पुढे जायचीस. मार्थाबाई मागून. परत यायचीस तेव्हा डोळे लाल. मी म्हणायचे, शेळ्यांवरून इतकं रडायचं? आणि मनात दुसरंच म्हणायचे. शेळ्यांवरून ती मार्थाबाईला बाहेर नेते, आणि माझ्याशी एवढं मोठं बिनसलं तरी मला नेत नाही, म्हणजे मी तिच्या त्या एकमेकांत नाहीच. पाहुण्याशी कुणी मिटवायला जात नाही. पाहुण्याला चहा देतात.

त्या सकाळी तू हळद हलवायला अंगणात गेलीस आणि खाली बसलीस. दाविदरावांना वाटलं, माती निवडायला बसली असेल. हाक मारली तर तू ओ दिली नाहीस. मी पोचले तेव्हा तुला आत आणून ठेवलं होतं आणि तुझ्या पायांची हळद पाळकबाई ओल्या फडक्याने पुसत होत्या. निघत नव्हती. मी म्हटलं, राहू द्या.

कबरस्तानात पाळकसाहेबांची प्रार्थना झाली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. आपल्याकडची माणसं पांढऱ्या कपड्यांत एका बाजूला उभी होती, आपण इथे काय करायचं हे न कळून. तेवढ्यात दाविदराव माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अक्का, तुमाला तुमचं काही म्हणायचं असंल तर म्हणा. सुमनला बरं वाटंल." मी म्हणायला लागले. अर्ध्यात अडले, तर चुलत वहिनीने उचललं, मग सगळ्यांनी. तुमच्या चर्चची माणसं माना खाली घालून उभी होती, पार वंदनेच्या शेवटच्या 'साधु, साधु, साधु'पर्यंत. मार्थाबाईसुद्धा, पदर तोंडात धरून. कुणी हललं नाही.

त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण तुझ्यापासून काय लपवू? वसमतला परत येताना गाडीत बसल्या बसल्या माझ्या मनात तेच आलं. ते पाहुणीशी चांगले वागले. पाहुणीला कोण नाही म्हणतं? मी आईजवळ तुला नाही म्हटलं ते तू घरची होतीस म्हणून. परकी असतीस तर मीही म्हटलं असतं, करा बाई, तुमची प्रार्थना करा.

गेल्या रविवारी ईस्टर झाला. मी जाणार नव्हते. दाविदरावांचा फोन आला, "येताव ना अक्का? दरसाल येता." मग गेले. तुझी हळद अंगणात तशीच होती, पण कुणीतरी ती रोज हलवलेली दिसत होती, कारण सगळ्या बाजूंनी सारखी वाळली होती. मार्थाबाईच्या शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या. दाराजवळ माझी खुर्ची होती. मी बसले.

पाळकसाहेबांनी भाकर झाकली. "कोणाचं कोणाशी काही असंल तर अंगणात जा, मिटवून या. आमी थांबतो." कुणी उठलं नाही. सगळे नकळत तुझ्या जागेकडे पाहायला लागले आणि मग पाहू नये म्हणून खाली पाहायला लागले. मला वाटलं, आता फडकं काढतील. तेवढ्यात मार्थाबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. सतरंजीवरून वाट काढत माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"उठा अक्का."

"मी?"

"मंग कोण? चला भाईर."

"मार्थाबाई, माझं तुमच्याशी काही न्हाई."

"चला म्हणलं ना."

मागे गाणं सुरू झालं. आम्ही निंबाखाली जाऊन उभ्या राहिलो, हळदीच्या कडेला. मार्थाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "सुमनचं तुमच्याशी व्हतं. तिचं तसंच राहिलं. मला म्हाईत हाय समदं, दरसाल ऐकलंय म्या. तेवढं तुमच्या कानावर घालते, म्हंजी मी मोकळी."

"तुम्ही तर शेळ्यांचं मिटवायला यायच्यात."

"तुमची आई गेल्यापासनं शेळ्याचं दारातून भाईर पडंस्तोर मिटायचं. ती म्हणायची, मार्थे, शेळ्या बांधत जा. मी म्हणायची, बांधते माय. झालं. मंग हितं उभं राहून तुमचंच काढायची. रडायची बी. मी म्हणायची, अगं, ती आत खुर्चीवर बसली हाय, तिलाच घिऊन ये की भाईर. तर म्हणायची, अक्कानं पुन्यांदा न्हाई म्हणलं तर मी काय करू? तिला भ्याव वाटायचं तुमचं."

"की मी तुमच्यातली न्हाई म्हणून?"

"येड्या का काय तुमी? परक्या बाईवर कोणी इतके साल रागावतं व्हय?"

मी निंबाला हात टेकला. आत गाण्याचं दुसरं की तिसरं कडवं चाललं होतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हटलं, "मी आईजवळ तिला प्रार्थना करू दिली नाही. तेच ना?"

"व्हय, तेच."

"मी बरोबर होते, मार्थाबाई."

"ती बी तेच म्हणायची. अक्का बराबर व्हती म्हणायची. तेचाच तर राग व्हता तिला."

सुमे, मला हसू आलं. खरं सांगते, तुझ्या हळदीजवळ उभी राहून मी मोठ्याने हसले आणि मग ते हसू कुठे गेलं कळलं नाही. मार्थाबाईने माझा हात धरला, सांत्वनाला नाही, मी पडेन म्हणून.

तर तू दरवर्षी माझ्यासाठी उठत होतीस. अख्खं चर्च तुझ्यामाझ्यासाठी भाकर झाकून थांबत होतं, म्हातारी माणसं घसा बसेपर्यंत गात होती, आणि मी आत खुर्चीवर बसून समजत होते की हे सगळं शेळ्यांसाठी चाललंय. इतकं धाडस केलंस, सगळ्यांदेखत उठलीस, बाहेर गेलीस, आणि मधे माझी खुर्ची होती तिथे थांबायचं राहून गेलं. मी आले असते ग. नाही म्हटलं असतं आधी, तुला माहीतच आहे, पण आले असते. तू म्हणाली असतीस, माझी बी आई व्हती. मी काय उत्तर दिलं असतं, मला अजून सुचत नाही. बहुतेक मी म्हटलं असतं की हो, तुझीही होती. आणि तरीही मिटलं नसतं, कारण तू बरोबर होतीस आणि मीही. पण आपण तिथे उभ्या राहिलो असतो. मला तेवढं पुरलं असतं. मिटवून देणारी मी कोण, साध्या शेळ्यांचं मला मिटवता आलं नाही.

मला तुझी आठवण येते. सरळ सांगते. तुझ्या गोडपणाची नाही, त्याची मला कधीच आठवण येणार नाही. फाट्यावर पिशव्या घेऊन माझ्या गाडीची वाट पाहणाऱ्या, चढताच भांडण काढणाऱ्या तुझी येते. जे तुला आज्ञा म्हणून सांगितलं होतं ते तू नीट पाळलंस की नाही, याचा हिशेब तुझ्या प्रभूने करावा. मी तुझ्या धर्मातली नाही आणि होणारही नाही. पण कुणी मला विचारलं की ही माणसं कशावरून ओळखायची, तर मी त्यांना ईस्टरला त्या अंगणात घेऊन येईन.

मार्थाबाईने पदराने तोंड पुसलं. "मिटलं का? चला मंग आत. भाकर वाळून राहिली."

"तुम्ही व्हा पुढं."

"एकटीला कशी जाऊ? दोघी भाईर आलो, दोघीनंच आत जावं लागंल."

"मग थांबा थोडं," मी म्हटलं. "माझं अजून मिटलं नाही."

मार्थाबाई गुडघ्यावर हात देऊन हळदीच्या कडेला खाली बसली आणि मीही तिच्याजवळ जमिनीवर बसले. आत शेवटचं कडवं संपलं. ढोलकी थांबली. कुणी दारात येऊन पाहिलं नाही, हाक मारली नाही. मग दाविदरावांनी पुन्हा थाप मारली आणि सगळ्यांनी ते गाणं पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.